होडी स्वस्त, काठ महाग

लकडगंजातल्या एका दुकानात मी मरीन प्लाय मागितला, तेव्हा दुकानदाराने सवयीने विचारलं, ‘‘किचन का?’’ त्याचं काही चुकलं नाही. उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवूनही ज्याचे थर सुटू नयेत, असा हा आयएस ७१० मार्काचा प्लाय नागपुरात सिंकखालच्या कपाटांना लागतो. नावात समुद्र असलेलं हे लाकूड आमच्याकडे भांडी विसळतानाचे शिंतोडे झेलत जन्म काढतं. मी म्हटलं, ‘‘नाही, होडीची डेक बदलायची आहे.’’ त्याने चष्मा कपाळावर सरकवला. ‘‘नाव? कौन से पानी में, भाऊ?’’

शिडाची होडी पाळण्याबद्दल याहून नेमका प्रश्न मला अजून कोणी विचारलेला नाही. बाकीचे किंमत विचारतात, भीती वाटत नाही का विचारतात, ‘मासे मिळतात का’ असंही विचारतात. गेली अकरा वर्षं चार मित्रांबरोबर एका एंटरप्राइज जातीच्या होडीत माझा पाचवा हिस्सा आहे. लांबी ४.०४ मीटर, नुसत्या सांगाड्याचं वजन ९० किलोच्या वर, दोन शिडं, दोन माणसं. सुरुवातीला मी विचारणाऱ्यांना होडीचंच वर्णन ऐकवत असे. आता आधी पाण्याचं सांगतो, मग काठाचं, आणि ऐकणारा तेवढ्यातही उठून गेला नसेल तर होडीचं.

पाणी नागपूरला कमी नाही. अंबाझरी आहे, फुटाळा आहे, गोरेवाडा आहे; तासाभरावर रामटेकचा खिंडसी आहे, तिकडे वेणा, पेंच आणि पूर्वेला वैनगंगेवरचा गोसीखुर्दचा अफाट जलाशय. भंडारा-गोंदिया तर तलावांचेच जिल्हे. कोहळी लोकांनी बांधलेले मालगुजारी तलाव तिथे आजही गावोगाव आहेत. नकाशा पसरून बसलं तर माणसाला वाटेल, इथे घरटी एक होडी असायला हवी. पण यातलं शिडाला चालणारं पाणी शोधायला गेलं की यादी भराभर आखडते. गोरेवाडा पिण्याच्या पाण्याचा आणि जंगलाचा. तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पाच्या पोटात. फुटाळ्याच्या पाण्यात संगीत कारंज्याचा पसारा बसला, शिवाय शिडाला मोकळी धाव लागते ती त्या तलावात आधीच तुटपुंजी होती. मालगुजारी तलाव उथळ, कमळं आणि शिंगाड्यांनी भरलेले. तिथे ढिवरांचा डोंगा चालतो, कारण त्याला शिडाच्या होडीसारखं खाली पातं नसतं.

अंबाझरीशी माझं जुनं नातं आहे. कॉलेजात एनसीसीच्या नौदल शाखेत होतो. समुद्र फक्त सिनेमात पाहिलेली आम्ही पोरं पांढऱ्याशुभ्र गणवेशात या तलावावर वल्ही मारायला शिकलो, आणि ‘पोर्ट’ म्हणजे डावं की उजवं यावर चहाच्या टपरीवर पैजा लावल्या. पहिलं शीड मी तिथेच धरलं. पण त्या तलावाच्या पाठीवर आता भलंमोठं ओझं आहे. जलपर्णी वरचेवर पसरते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या पावसात तलाव ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हापासून अंबाझरी म्हटलं की शहराला धरणाची भिंत आणि सांडवा आठवतो. अशा ठिकाणी पाच हौशी माणसांनी जाऊन ‘आमची होडी ठेवायला जागा द्या’ म्हणणं मलाच बरं वाटलं नाही.

आमची होडी राहते कन्हानच्या खोऱ्यातल्या एका पाटबंधारे तलावाच्या काठी, एका मित्राच्या शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये. त्याचं शेत तिथे नसतं तर आम्ही होडी घेतलीच नसती. शेतापासून पाण्यापर्यंत ऑक्टोबरात दीडशे पावलं पडतात. मेमध्ये साडेचारशे, आणि त्यातली शेवटची शंभर गाळातून. नागपूरकडचे तलाव सिंचनासाठी बांधलेले. रब्बीला पाणी सुटतं आणि काठ आठवड्यागणिक मागे सरकत जातो. समुद्राचा काठ रोज दोनदा जातो-येतो. आमचा काठ फेब्रुवारीत जातो तो थेट जुलै-ऑगस्टमध्ये परततो. दोन चाकांच्या ट्रॉलीवर ती ९० किलोंची होडी गाळातून ओढताना आम्ही पाच जण एकमेकांना जे बोलतो, ते इथे छापण्यासारखं नाही.

शिवाय पाणी रिकामं नसतं. अशा तलावांवर मच्छीमार सहकारी संस्थांचा ठेका असतो, म्हणजे पाणी त्यांच्या पोटापाण्याचं आणि आम्ही त्यात पाहुणे. पहिल्याच वर्षी आमचं सेंटरबोर्ड एका जाळ्यात अडकलं. सेंटरबोर्ड म्हणजे होडीच्या पोटातून खाली सोडलेलं पातं, ते नसेल तर होडी वाऱ्याबरोबर आडवी घसरत जाते. सोडवताना जाळं फाटलं. चूक आमची होती, भरपाई दिली, आणि त्या बहाण्याने ज्यांच्याशी ओळख झाली त्यांच्यामुळेच होडी आजवर तिथे टिकली आहे. त्यांच्यातले एक म्हातारेबुवा ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात. होडीभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी विचारलं होतं, ‘‘याले इंजन नाही का जी?’’ नाही म्हटल्यावर थोडं थांबून, ‘‘मंग वारा नाही आला तं?’’

वारा न येणं हा नागपुरातला खरोखरचा प्रश्न आहे. कोकणात पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. तिथल्या खलाशाला घड्याळ लागत नाही. आमच्याकडे असं वेळापत्रक नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तलाव काठोकाठ भरलेला, हवा सुरेख आणि वारा जवळजवळ शून्य. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पाण्यावर धुकं आणि ईशान्येकडून एवढीशी झुळूक, शीड फुगवायचं की नाही याचा विचार करत आलेली. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी जमीन तापली की झोत सुरू होतात, आणि तेव्हा मजा असते. पण हे झोत झाडांवरून, बांधावरून, टेकडीला वळसा घालून येतात, त्यामुळे दर मिनिटाला दिशा बदलतात. समुद्रावर शिकलेला आमचा एक पाहुणा अर्ध्या तासात घामाघूम होऊन म्हणाला, ‘‘हा वारा नाही, ही चेष्टा आहे.’’ मला उलट वाटतं. तलावावर शिकलेल्याचे हात जलद होतात. पाण्यावर काळसर सुरकुती दिसली की झोत येतोय हे ओळखून तो दोरी आधीच सैल करतो.

एप्रिल-मेमध्ये वारा भरपूर, आणि तेव्हाच पाण्यापासून लांब राहायचं. एक तर ऊन. नागपूरच्या वेधशाळेने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले होते. तेवढं नसलं तरी एरवीच्या मे महिन्यातही दुपारी अल्युमिनियमच्या डोलकाठीला हात लावला तर फोड येतो. आणि दुसरं म्हणजे संध्याकाळचं वादळ. पश्चिमेला काळं ढगाड दिसल्यापासून वावधान अंगावर येईपर्यंत कधी वीस मिनिटं मिळतात, कधी पाच. उजनी धरणात २१ मे २०२४ च्या संध्याकाळी अशाच वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटली आणि सहा जण बुडाले. आमच्या वेणा धरणातही जुलै २०१७ मध्ये होडी उलटून तरुण मुलं गेली. या दोन्ही होड्या शिडाच्या नव्हत्या. पण अशा प्रत्येक घटनेनंतर घरचे आमच्याकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेला उत्तर देणं हाही होडी पाळण्याच्या खर्चातलाच एक भाग आहे. आमचं उत्तर ठरलेलं असतं. लाइफ जॅकेटची गाठ काठावरच मारायची, दोनाच्या जागी तिसरा बसवायचा नाही, आणि मे महिन्यात दुपारी तीननंतर पाण्यात नाही. यातला मधला नियम पाळणं सर्वांत अवघड, कारण काठावर उभा असलेला भाचा रडत असतो.

आता सुखाबद्दल. वारा पाठीमागून ढकलतो म्हणून होडी पुढे जाते एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. ढिवर पोरंही परतीच्या वाऱ्यावर डोंग्यात चादर धरून येतात. खरी गंमत आहे ती वारा जिकडून येतो तिकडेच जाण्यात. अगदी त्याच्या तोंडावर जाता येत नाही, पण साधारण ४५ अंश बाजूला राहून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अशी नागमोडी चढण चढता येते. शीड ताणून धरलं की ते पंख्याच्या पात्यासारखं वाकतं आणि होडीला ओढतं. सेंटरबोर्ड तिला आडवं घसरू देत नाही. उरतं ते पुढे जाणं. हे भौतिकशास्त्र मी अकरावीत शिकलो होतो आणि परीक्षेत लिहिलंही होतं. पण होडी एका कुशीवर कलली, आम्ही दोघं दुसऱ्या बाजूला पाठीवर लवंडून लटकलो, सुकाणूच्या दांड्यातून पाण्याची बारीक थरथर तळहातात आली आणि बांध हळूहळू मागे जायला लागला, तेव्हा ते पहिल्यांदा कळलं. इंजिन नसल्याने आवाज कसलाच नव्हता. पलीकडच्या काठावर कोणीतरी बैलाला हाक मारली, ती शब्दन् शब्द ऐकू आली.

दुसरं सुख उलटण्याचं. प्रवासी होडी उलटली तर तो अपघात. या जातीच्या छोट्या होडीत उलटणं हा खेळाचाच भाग आहे. तिच्या पोटात हवाबंद कप्पे असतात, ती बुडत नाही, आडवी तरंगत राहते. मग पोहत जाऊन बाहेर आलेल्या सेंटरबोर्डवर उभं राहायचं, कडेला धरून मागे झुकायचं, की डोलकाठी पाण्यातून टिपकत वर येते. पंचेचाळिशीच्या माणसाला घसरून पडण्याची आणि पुन्हा चढून बसण्याची परवानगी आपल्याकडे फारशी कुठे मिळत नाही.

नव्याला पहिला महिना शब्दांतच जातो. मराठीत शीड म्हणजे ज्यात वारा भरतो ते कापड. इंग्रजीतून आलेलं ‘शीट’ म्हणजे ते कापड ओढायची दोरी. ‘शीट सोड!’ असं ओरडल्यावर आमच्या एका हिस्सेदाराने आख्खं शीडच खाली उतरवलं होतं, तेही भर तलावात. तेव्हापासून आमच्या होडीवर दोरीला दोरीच म्हणतात.

खर्चाचा हिशेब मी ठेवतो, म्हणून सांगतो. २०१४ साली होडी जुनी घेतली, पाच जणांत ८० हजारांना. मुंबईहून ट्रकने आणायला २२ हजार, म्हणजे किमतीच्या पावाहून जास्त. नागपूरकराने पहिला धडा इथेच घ्यावा: समुद्रापासूनचं अंतर आधी वाहतुकीत मोजावं लागतं आणि मग प्रत्येक सुट्या भागात. डोलकाठीच्या टोकाची मुठीएवढी कप्पी तुटली तर ती इथल्या कुठल्याच दुकानात नसते. कुरिअरची वाट बघण्यात मोसमातले दोन रविवार जातात, आणि आमचा मोसमच बारा-चौदा रविवारांचा. पुढे छोटा हत्ती करून होडी दोनदा खिंडसीच्या बाजूला दुसऱ्या पाण्यात नेऊन पाहिली. भाडं परवडलं, चढवा-उतरवायला लागणारी सहा माणसं दर वेळी जमवणं परवडलं नाही. दरवर्षीचा किरकोळ खर्च, म्हणजे चौकीदाराचे पैसे, दोऱ्या, रंग, रेझिन, शेडवरची पत्र्यांची डागडुजी, सरासरी तीस-पस्तीस हजार. शीड मात्र किरकोळीत बसत नाही. डॅक्रॉनचं कापड उन्हाने कुजतं आणि आमचं ऊन कुठलं ते सांगायला नको. एंटरप्राइजची शिडं परंपरेने निळी. आमची पाच वर्षांत धुतलेल्या डेनिमसारखी झाली आणि सहाव्या वर्षी शिवणीतून गेली. नव्या जोडीला जवळजवळ होडीइतकेच पैसे लागले. जुनी आम्ही ताडपत्री शिवणाऱ्याकडून नागमोडी टाके घालून घेतली आहेत, शिकाऊ लोकांसाठी.

सरकार या छंदाकडे कसं बघतं तेही हिशेबात धरायला हवं. यॉट आणि मनोरंजनाच्या किंवा खेळाच्या होड्यांवर आधी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. त्याच दिवशी खेळाच्या बहुतेक सामानावरचा कर ५ टक्क्यांवर आला. म्हणजे मुलाला बॅट घेऊन दिली तर तो खेळ, आणि ऑप्टिमिस्ट घेऊन दिली तर चैन. ऑप्टिमिस्ट ही पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची होडी, २.३ मीटरची, ३५ किलोंची, बाथटबच्या चुलतभावासारखी दिसणारी. कोट्यधीशाची बोट आणि ही, एकाच रांगेत उभ्या. नोंदणीचं त्या मानाने सोपं आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जलवाहन कायद्याने यांत्रिक होड्यांना नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली, बिनइंजिनाच्या होड्यांची नोंद स्थानिक पातळीवर करण्याची सोय ठेवली. पण कायदा होडीबद्दल बोलतो. पाण्यात उतरायची परवानगी ज्याच्या ताब्यात तलाव आहे त्याच्याकडे, आणि तलाव कधी पाटबंधारेचा, कधी महापालिकेचा, कधी वनखात्याचा. आम्हाला एका कार्यालयात फॉर्ममधल्या ‘इंजिनाची अश्वशक्ती’ या रकान्यात शून्य लिहू दिलं नाही. रकाना रिकामा ठेवला तर अर्ज अपूर्ण, शून्य लिहिलं तर माहिती चुकीची. शेवटी तिथल्याच एका समंजस बाईंनी पेन घेऊन ‘वारा’ असं लिहिलं आणि शिक्का मारला.

निगा हा या सगळ्यातला सर्वांत मोठा विषय. गोड्या पाण्याने आम्हाला एक उपकार करून ठेवला आहे. खारं पाणी नाही, त्यामुळे गंज कमी, आणि बुडाला शिंपल्यांचे थर बसत नाहीत. कोकणातल्या लाकडी गलबतांची निगा म्हणजे दरवर्षी ओढून वर घेणं, फटींत कापूस ठासणं, राळ आणि तेल चढवणं. तो कापूस विदर्भाचाही असेल. सागवान तर आम्ही सगळ्या देशाला पुरवतोच. नव्या संसदेत ते नागपूरहून गेलं, अयोध्येच्या राममंदिराला चंद्रपूर-गडचिरोलीकडून. होडीपुरतं मात्र आम्ही प्लाय आणि फायबरवर भागवतो.

आमचा खरा शत्रू उन्हाळा, आणि कामाचे दिवसही तेच, कारण तेव्हा होडी कोरडी असते. सकाळी साडेपाचला शेडवर पोचायचं. होडी दोन जुन्या टायरांवर पालथी. आधी डोलकाठीच्या पोकळ टोकात काडी घालून बघायचं, कारण तिथे दर वर्षी गांधीलमाशा घर करतात. मग बुडावर ओला सँडपेपर, पाण्याची धार, पुन्हा सँडपेपर. जिथे दगडाला घासून वरचा जेलकोटचा थर गेला असेल तिथे काचतंतूची मॅट कापून रेझिनमध्ये भिजवायची. हे काम आम्हाला शिकवलं ते कूलरच्या बॉड्या आणि पाण्याच्या टाक्या करणाऱ्या एका मिस्त्रीने. नागपुरात फायबरचा हात कूलरमुळे तयार झालेला आहे, आणि मला विचाराल तर शहराची होडीच्या दृष्टीने ती सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. रेझिनमध्ये हार्डनर किती घालायचा हे डब्यावर लिहिलेलं असतं, पण ते लिहिणारा मे महिन्यात इकडे आलेला नसतो. पहिल्या वर्षी मी डब्याबरहुकूम घातला. सकाळचे नऊ वाजले होते. मॅट नीट बसवून ब्रश बुडवायला वळलो तर प्लास्टिकच्या मगातून धूर येत होता. मग हातात घेतला तर चटका बसला, आणि ब्रश आत उभाच्या उभा गोठलेला. मिस्त्रीने तो मग आठवण म्हणून शेडच्या खिळ्याला टांगून ठेवला आहे. आता हिवाळ्यातल्या मापाच्या निम्मा हार्डनर, एका वेळी एका वाटीपुरतं रेझिन, आणि आठनंतर डबा बंद.

त्याच शेडमध्ये एक बूचही टांगलेलं आहे. होडीच्या मागच्या फळीला तळाशी एक भोक असतं, काठावर आल्यावर पाणी काढून टाकायला. पाण्यात उतरताना त्याला बूच लावायचं असतं. तिसऱ्या वर्षी दिवाळीत सहकुटुंब काठावर आलो. नारळ फोडला, फोटो काढले आणि दिमाखात निघालो. तलावाच्या मधोमध आल्यावर माझा मित्र म्हणाला, ‘‘माझे पाय ओले का होतायत?’’ बूच माझ्याच खिशात होतं. तेव्हा ते ट्यूबवरचे म्हातारेबुवा मागून आले, होडीला हात लावून सावकाश काठाकडे ढकलत नेली आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

समुद्रावर मालकी याहून सोपी असते, असा आमचा समज होता. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे, गेटवेसमोर शिडाच्या बोटी नांगरावर डुलत असतात, चित्रासारखं दिसतं. पण त्या बोटीवर चढायला आधी दुसऱ्या छोट्या होडीत बसावं लागतं, आणि पावसाळा आला की त्या बोटीलाही वर काढून ठेवावं लागतं. काठ तिथेही महाग, फक्त कारणं वेगळी. आणि समुद्राजवळ राहणं ही खलाशी होण्याची अटही नव्हे. भारतीयाने एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास ज्यांनी घेतला, ते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहत होते फलटण तालुक्यातल्या विंचुर्णी गावात. त्यांच्या या ध्यासातून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि पुढच्या मे महिन्यात, चार थांबे घेऊन, परत आले. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली होती. ५६ फुटांची बोट आणि आमचं १३ फुटी प्रकरण यांची तुलना नको. पण दोंदे यांचं पुस्तक वाचताना बोट बांधून घेण्याच्या, सामान मिळवण्याच्या आणि फायलींमागे फिरण्याच्या गोष्टी आल्या की मला आमची कप्पी आणि आमचा अश्वशक्तीचा रकाना आठवतो.

खरी तुलना करायची ती भोपाळ आणि हैदराबादशी. दोन्ही शहरं आमच्यासारखीच समुद्रापासून लांब. भोपाळचा मोठा तलाव राजा भोजाच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या काठावर राज्य सरकारने शिडाच्या होड्यांची शाळा काढली. होड्या, शेड, उतार, प्रशिक्षक, सुरक्षा बोट, सगळं तिचं. तिथे शिकलेली देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत, सतराव्या वर्षी, रुपेरी पदक घेऊन आली. त्याआधी २०१८ ला भोपाळलाच शिकलेल्या हर्षिता तोमरने कांस्य आणलं होतं. हैदराबादला हुसेनसागरावर सैन्याच्या आणि यॉट क्लबच्या जोरावर लेझर होड्यांची स्पर्धा वर्षानुवर्षे भरते, आणि ती भरते जुलैत, कारण तेव्हा नैर्ऋत्येचा वारा भरवशाचा असतो. हे वाचलं तेव्हा मी हिशेबाची वही मिटून ठेवली होती. आमच्याकडे जून लागला की होडी दोरखंडांनी बांधून पालथी घालायची, हाच शहाणपणा. वर्षातला सर्वांत चांगला वारा आम्ही घरी भजी खात ऐकतो, कारण त्या दिवसांत काठावर दुसरी कोणतीच बोट नसते, आणि मदतीची बोट नसताना पावसाळी वाऱ्यात उतरणं मूर्खपणा आहे. भोपाळला तलाव मोठा आहे हे खरं. पण नेहा ठाकूर घडली ती पाण्याच्या क्षेत्रफळामुळे नव्हे. कोणीतरी काठ बांधून दिला म्हणून.

त्यामुळे नागपुरात शिडाची होडी घ्यावी का, असं कोणी विचारलं तर एकट्याने घेऊ नये, हे मी स्पष्ट सांगतो. एकट्याची होडी तिसऱ्या वर्षी शेडमध्ये वाळवीला मिळते. असे दोन सांगाडे मी पाहिले आहेत, एकात कोंबड्या होत्या. चार-पाच जणांनी घ्यावी, त्यातल्या एकाची तरी जमीन पाण्याजवळ असावी आणि एकाला तरी हत्यार धरता यावं. तिघांना पोहता येतं असं म्हणणं पुरेसं नाही, पाचही जणांना यायला हवं. जात निवडताना वजनाकडे बघावं. आज पुन्हा घ्यायची झाली तर मी एंटरप्राइज घेणार नाही. लेझर, जिला आता आयएलसीए म्हणतात, तिचा सांगाडा ५९ किलोंचा, शीड एकच, आणि दोन माणसं तिला गाळातून उचलून नेऊ शकतात. पण ती एकट्याची होडी. बोलायला शेजारी कोणी नाही. आमच्यात यावर मतभेद आहेत, आणि गेली तीन वर्षं त्यावरचा निर्णय पुढच्या बैठकीवर ढकललेला आहे. लाकडाची आवड असेल तर १९६३ सालची मिरर ही प्लायच्या फळ्या तांब्याच्या तारेने टाचून, सांधे फायबरने भरून घरच्या अंगणात बांधता यावी अशीच आखलेली होडी. लकडगंजातला प्लाय तिला पुरेल, आणि आमचा कूलरवाला मिस्त्री सांधे आनंदाने भरून देईल. त्याने तसं बोलूनही दाखवलं आहे.

वारा न आल्यास काय, याचं उत्तर आमच्याकडे सुरुवातीपासून होतं: दोन वल्ही. गेल्या नोव्हेंबरात शीड न फुगवता आम्ही अडीच तास पाण्यावर बसून होतो, शेंगदाणे खाल्ले, पाणकावळे मोजले आणि वल्हवत परत आलो. त्या दिवसाचा खर्चही वहीत लिहिला आहे, इतर दिवसांइतकाच.

आमच्यातल्या एकाची बदली पुण्याला झाली. त्याचा पाचवा हिस्सा रिकामा आहे. घेणाऱ्याला पैशांची घाई नाही, पण मे महिन्यातले पहिले चार रविवार सकाळी साडेपाचला शेडवर यावं लागेल, सँडपेपर आमचा, डबा ज्याचा त्याने आणायचा.